आमच्याकडे रान मोडत असत

लोणावळ्यात आता कोणी 'रान मोडणं' असं म्हणत नाही. बंगल्यासाठी जागा करायची असली की प्लॉट साफ करा म्हणतात. कोळशाच्या भट्ट्या लावणारे तोड घेतली म्हणतात. पोटासाठी मी दोन्ही प्रकारच्या लोकांबरोबर काम केलं आणि दोघांसारखं बोलायलाही शिकलो. पण वलवण धरणाच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी, जिथं माझा जन्म झाला त्या वाडीत या कामाला रान मोडणं हाच शब्द होता. नुसती झाडं पाडणं एवढाच त्याचा अर्थ नव्हता.

शिमगा झाला की माणूस वरच्या उतारावरचा एक तुकडा धरायचा. आधी कोयत्यानं करवंदाच्या जाळ्या काढायच्या, मग कुऱ्हाडीनं ऐन, किंजळ, जांभळं. फांद्या तिथंच वाळवून जाळायच्या. पहिल्या पावसाळ्यात त्या राखेत नाचणी, पुढच्या साली वरई, मग खुरासणी. त्यानंतर दगड रचून बांध घालायचे, आणि पाणी ठरायला लागलं की त्याचं भाताचं खाचर व्हायचं. या सगळ्याला मिळून रान मोडणं म्हणत. त्यात बरीच वर्षं जात. बायका वय सांगतानासुद्धा म्हणत, "मी ह्या घरात आले तवा वरचं रान मोडायचं चाललं हुतं."

या कामाची सुरुवात कुऱ्हाड चालवण्यानं होत नसे, ती खाली ठेवण्यानं होत असे. रान मोडणारा माणूस पहिल्या दिवशी त्या तुकड्यात हिंडून एक झाड निवडायचा. त्याच्या बुंध्याला कुऱ्हाड टेकवून ठेवायची, नारळ फोडायचा आणि मोकळ्या हातानं घरी यायचं. दुसऱ्या दिवशी जाऊन कुऱ्हाड उचलायची आणि बाकीच्या झाडांना हात घालायचा. ते एक झाड मात्र राखायचं. त्याच्या सावलीनं खाली पीक खुरटायचं, मुळं बांधात शिरायची, तरी राखायचं. मावळात खाचरांच्या मधोमध एखादं जुनं आंब्याचं नाहीतर हिरड्याचं झाड एकटं उभं दिसतं, त्यातलं पुष्कळसं असं कुणी ना कुणी राखलेलं असतं. कुणी झाड न राखता सगळं पाडलं तर त्याला रान मोडलं म्हणत नसत. रान नागवलं म्हणत, आणि तसं ज्याच्याबद्दल म्हटलं जाई त्याच्या ओट्यावर लोक बसायचे थांबत.

वडिलांनी आमचा वरचा तुकडा मोडला तेव्हा मी चालायलाही शिकलो नव्हतो. त्यांनी हिरडा राखला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत जंगलखात्याचे हद्दीचे दगड आले आणि वाडीला नवीन रान मोडणं बंद झालं. त्यामुळे वाडीतलं शेवटचं मोडलेलं रान आमचंच राहिलं, आणि शेवटचं रान ज्या घरानं मोडलं त्या घराला पहिल्या मुठीचा मान असे. रोहिणी नक्षत्रात, राब म्हणजे भाताच्या रोपांसाठीचे जमिनीचे तुकडे पालापाचोळा घालून भाजून झाले की, वाडीची देवी वाघजाई, तिच्यासमोरच्या पलंगाएवढ्या वाफ्यात भाताची पहिली मूठ त्या घरच्या कर्त्या माणसानं टाकायची. मग सगळ्या वाडीनं आपापल्या राबात पेरायचं. राखलेल्या झाडाचा दोष ज्या घराला लागला त्या घराचा हा मान जाई. वडील गेल्यावर ती मूठ माझा थोरला भाऊ टाकू लागला. दादा तसा लाजरा माणूस. चारचौघांत बोलायचा नाही. पण त्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या पुढं उभा राहायचा आणि मूठ टाकताना हात असा लांब फेकायचा की वाफा त्याला पुरायचा नाही. लोक हसायचे. "आरं, देवीच्या वाफ्यात टाक, वलवणच्या पान्यात नगं," असं कुणीतरी दर वर्षी म्हणायचंच.

मी मराठी शाळा पुरी केली होती, म्हणून लोणावळ्यात एका कंत्राटदाराकडे मुकादम झालो. तुंगार्लीच्या बाजूला मुंबईच्या लोकांनी बंगल्यांसाठी जागा घ्यायला सुरुवात केली होती, त्या जागा साफ करून द्यायचं आमचं काम. मी कंत्राटदाराच्या गोदामामागं एका खोलीत राहायचो. बायको आणि मुलं वाडीतच, दादाच्या घरात म्हणजे आमच्याच घरात. वाटणी झालेली नव्हती. कणगी एक होती, चूल एक होती.

एकदा तळ्यावरच्या उताराची एक मोठी जागा आली. दाट झाडी, आणि माणसं मिळेनात. रेल्वे लाईनवरचे मजूर स्टेशनाच्या कामात अडकलेले. मी वाडीत जाऊन दादाला म्हणालो, "तुम्ही सगळे या. उन्हाळ्यात तशीही कामं नसतात."

दादा म्हणाला, "येऊ. पर रान मोडायचं तर आपल्या रीतीनं मोडू. त्यो उतार बी वाघजाईच्या नजरंतलाच हाय."

मी हो म्हणालो. कंत्राटदाराला विचारलं नाही. एखादं झाड राहिलं तर बंगल्याला सावलीच होईल, असं मला वाटलं.

वाडीची माणसं आली. त्या उतारावर दादा सकाळभर हिंडला आणि वरच्या अंगाला, जिथून खालचं तळं दिसतं तिथल्या एका हिरड्याशी थांबला. वडिलांनी राखलेल्या हिरड्यासारखाच तो होता, थोडा एका अंगाला कललेला. दादानं त्याला कुऱ्हाड टेकवली. मग सगळे करवंदं खात घरी गेले. कंत्राटदाराचा कारकून मला विचारायला लागला की माणसं आली काय आणि गेली काय, हा काय प्रकार आहे. मी त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. वाडीच्या माणसांत मी मुकादम म्हणून छत्री घेऊन उभा राहायचो आणि ते माझी टर उडवायचे. आमच्या चुलत घरातली एक म्हातारी फांद्या ओढता ओढता म्हणायची, "मुकादम, छत्री झाडाला धरा, त्येला ऊन लागतंय." दुपारी सगळे त्या हिरड्याखाली भाकरी खायला बसायचे. भोवतालचं रान जसजसं मोकळं होत गेलं तसतशी तेवढीच सावली उरली.

काम संपत आलं तेव्हा जागेचे मालक शेठ मुंबईहून बघायला आले. जागा त्यांना पसंत पडली. फक्त हिरड्याकडे बघून म्हणाले, "हे का ठेवलंय? व्हरांडा याच्या मागंच येणार. समोर तळं दिसायला पाहिजे." कंत्राटदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पाडतो."

संध्याकाळी मी दादाला सांगितलं. तो चिलीम भरत होता. दादानं चिलीम भरायची थांबवली नाही.

"जागा त्येंची हाय," तो म्हणाला. "त्येनला पाडायचं आसंल तर पाडतील. दुसरी मानसं आणू दे त्येनला. आपल्या घरातल्या कुणी हात लावायचा न्हाई. येवढंच."

"आणि आणली नाहीत तर?"

"तर ऱ्हाईल उभं. तुला काय त्येचं वझं झालंय?"

दुसऱ्या दिवशी वाडीची माणसं कोयते, दोर गोळा करून निघून गेली. भांडण काही झालं नाही. म्हातारी जाताना मला म्हणाली, "छत्री जपा."

कंत्राटदारानं मला स्पष्ट सांगितलं की लाईनवरची माणसं आठ-पंधरा दिवसांत मोकळी होतील, मग तो ती आणेल, पण ज्या मुकादमाला एक झाड पाडून घेता येत नाही तो मुकादम त्याला नको. म्हणजे मी थांबलो असतो तर झाड पडणारच होतं, आणि आमच्या घराला काही दोष लागणार नव्हता. माझं काम तेवढं गेलं असतं. हे मला तेव्हाही नीट समजत होतं. आज लिहिताना मी ते नवीन शोधून काढलेलं नाही.

पण मी एक वेगळाच हिशेब मांडला. कुऱ्हाड टेकवली ती दादानं. जो टेकवतो त्याला ते झाड वर्ज्य. माझी कुऱ्हाड तिथं टेकलेलीच नव्हती, तेव्हा माझ्यावर बंधन नाही. दादानं पाडलं तर रीत मोडली, मी पाडलं तर नाही. शाळेत गणित सुटल्यावर वाटायचं तसं मला वाटलं. बाहेरच्या कुणाला असला युक्तिवाद सुचला नसता. शेठला तर त्या झाडात बंधन असं काही दिसतच नव्हतं. तो सुचायला आमच्या वाडीतलाच माणूस लागतो, ज्याला रीत पूर्ण ठाऊक आहे आणि ती चुकवायचीही आहे.

मी गोदामातली एक कुऱ्हाड घेतली आणि तो हिरडा एकट्यानं पाडला. हात सवयीचे नव्हते, वेळ लागला. पडताना तो तळ्याच्या दिशेनं पडला. पलीकडे पाणी लख्ख दिसायला लागलं, आणि खरं सांगायचं तर ते सुंदर दिसत होतं.

रोहिणी लागल्यावर मी वाडीत गेलो. राब भाजून झाले होते, सगळ्या उतारावर काळे चौकोन पडले होते. दादा धुतलेलं धोतर नेसून वाघजाईपाशी आला. बियाण्याची परडी वहिनीच्या डोक्यावर होती. वाडीतले सगळ्यांत वडीलधारे आबा देवळाच्या पायरीवर बसले होते. मूठ टाकायच्या आधी ते म्हणाले, "जरा थांबा."

मग मला म्हणाले, "तुंगार्लीचा हिरडा कुणी पाडला?"

"मी पाडला, आबा. पण कुऱ्हाड दादानं टेकवली होती. मी टेकवली नव्हती." मी सगळा युक्तिवाद सांगितला. चांगला सांगितला. लोक ऐकत होते.

आबांनी मान डोलावली. त्यांना तो पटला असावा, कारण ते म्हणाले, "बरुबर हाय. दुसऱ्या घरची कुऱ्हाड आसंल तर टेकवनाऱ्याच्या घराला दोष न्हाई." मग विचारलं, "मंग घर येक का दोन?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांचं बघणं रागाचं नव्हतं. माझ्यासाठी वाट काढून ठेवल्यासारखे ते थांबले होते. मी नुसतं 'दोन' म्हणायचं होतं. मी आजपासून वेगळा, असं देवीसमोर सांगितलं की दोष माझ्या एकट्यावर आला असता, आणि दादानं पुढं होऊन वडिलांच्या घरची मूठ टाकली असती.

मी ते म्हणालो नाही. वेगळं झालं तर बायकोमुलांना त्या कणगीतलं धान्य मिळणार नाही, लोणावळ्यातल्या एका खोलीत त्यांना घेऊन जावं लागेल, आणि कंत्राटदाराचं काम आज आहे उद्या नाही, हे सगळं मनात आलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण याहून लहान होतं. वेगळा होतो म्हणणं म्हणजे माझी कुऱ्हाड दोषाची होती हे कबूल करणं, आणि आत्ताच तर मी चारचौघांत माझं म्हणणं पटवून दिलं होतं.

वहिनीच्या डोक्यावरची परडी हलली म्हणून तिनं ती दोन्ही हातांनी धरली.

दादा म्हणाला, "येक."

"इचार करून बोल," आबा म्हणाले.

"केलाय. घर येकच हाय."

"मंग मूठ दुसऱ्या घरानं टाकायची."

"व्हय."

त्यानं वहिनीच्या डोक्यावरून परडी उतरवली आणि आमच्या शेजारच्या घरातल्या माणसाच्या हातात दिली. त्या माणसाला ती घ्यावी की नाही कळेना. दादाच त्याला म्हणाला, "घे की. बियाणं चांगलं हाय." त्या माणसानं मूठ अगदी जपून, वाफ्यातच टाकली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

घरी येताना मी दादाच्या मागून चालत होतो. मला वाटलं तो काहीतरी बोलेल. बांधावर एक दगड निसटला होता, तो त्यानं वाकून नीट बसवला आणि म्हणाला, "जेवून जा."

पुढं बरीच वर्षं गेली. कंत्राटदार कोळशाच्या धंद्यात बुडाला. त्या बंगल्याच्या शेठनी मला जागेवर देखरेखीला ठेवलं, आणि आज मी तिथंच आहे. ज्याच्यासाठी हिरडा पाडला ते काम काही टिकलं नाही. दादानं माझ्यापाशी तो विषय कधी काढला नाही. माझी मुलं त्याच्या भातावर वाढली. दर रोहिणीत तो वाघजाईपाशी लोकांच्या मागच्या रांगेत, रोजच्याच धोतरात उभा असे. मूठ पडली की सगळ्यांच्या आधी घरी निघे. कुणी म्हणालं असेल की पुन्हा रान मोडून मान मिळवता येईल, तर ते बोलण्यापुरतंच. हद्दीचे दगड उभे आहेत. मोडायला रान उरलेलं नाही, म्हणजे गेलेला मान परत आणायची वाटही नाही. हा शब्दसुद्धा आता त्यामुळंच ऐकू येत नाही. माझ्या मुलाला मी एकदा सांगायला लागलो तर तो म्हणाला, "म्हणजे क्लिअरिंगच ना?" मी हो म्हणालो. समजावून सांगायचं तर हे सगळंच सांगावं लागलं असतं.

यंदा एक गोष्ट घडली. शेजारच्या घरातली माणसं मुंबईला गिरणीत गेली, घराला कुलूप लागलं. मूठ कोणी टाकायची हा प्रश्न आला. आबा केव्हाच गेले, आता त्यांचा मुलगा त्यांच्या जागी पायरीवर बसतो. तो दादाला म्हणाला, "पुन्यांदा तुमच्याकडं आली तर बरं हुईल. पर रीत हाय, इचारायला पायजे. घर येक का दोन?"

मी पुढं झालो. म्हणालो, "दोन. मी वेगळा. आजपासून वेगळा."

बोलून मला इतकं हलकं वाटलं की दादाच्या तोंडाकडे मी बघितलंच नाही. त्याचा आवाज ऐकू आला तेव्हा तो माझ्याशी बोलत नव्हता.

"ह्येचं आयकू नगा," तो पायरीवरच्या माणसाला सांगत होता. "घर येक हाय. मूठ खालच्या आळीला द्या. त्येंच्या आज्ज्यानं बी रान मोडलंय, आमच्या आदुगर."

मूठ खालच्या आळीला गेली.

परत येताना दादा दमला म्हणून आम्ही वडिलांच्या हिरड्याखाली बसलो. तो आता साठीच्या पुढं आहे, चढ चढताना थांबत थांबत येतो. मी म्हणालो, "दादा, तुझ्यासाठीच बोललो. इतक्या वर्षांनी तुला मूठ मिळाली असती."

"मूठ तर तवाच गेली," तो म्हणाला. "आता तू बी जातूस व्हय?"

पुढं तोच म्हणाला, "तवा बोलला आस्तास तर मी तुला हाकलला आस्ता घरातनं. खरंच हाकलला आस्ता. आन मूठ टाकली आस्ती." मग खाली पडलेला एक वाळका हिरडा त्यानं उचलला, धोतराला पुसला आणि तोंडात टाकला. खोकल्याला तो नेहमी तेच करतो.

बंगल्यातल्या त्या हिरड्याचं खोड मी काढलेलं नव्हतं. मुळं खोल होती, म्हणून जमिनीसरशी कापून ठेवलं होतं. दर पावसाळ्यानंतर त्याला धुमारे फुटतात. हिरवळीत ते शेठना चालत नाहीत, म्हणून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला मी ते छाटतो. म्हणजे ते झाड मी एकदाच तोडलं असंही मला म्हणता येत नाही.

यंदा मी एक धुमारा ठेवला आहे. तो आता माझ्या कमरेएवढा आहे. मे महिन्यात शेठ येतील तेव्हा विचारतील, आणि मी काय सांगणार ते ठरवलेलं नाही. मी राखलेलं झाड आहे, असं मला सांगता येणार नाही. राखायचं झाड निवडायला आधी त्याला कुऱ्हाड टेकवावी लागते, आणि ती दादानं त्याच खोडाला केव्हाच टेकवली होती.